डोक्यात रक्त साचलंय, आणि गोळी रक्त पातळ करायची?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी कागल तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. माझी लेक चोवीस वर्षांची. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आणलेली. सिझर झालं, मुलगा झाला, सगळं नीट होतं. नवव्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं. रात्री आडवी झाली की जास्त दुखायचं, म्हणून पोरगी भिंतीला टेकून बसून राहायची. दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. कुणी म्हणालं पाठीत भूल दिली त्याचं आहे, माझ्या सासूबाई म्हणाल्या कान उघडे टाकले, वारं लागलं. चार दिवस असे गेले. तेराव्या दिवशी पहाटे आकडी आली. उजवा हात लुळा पडला. तालुक्याला नेलं तर बीपी वाढल्याची आकडी म्हणून इंजेक्शन दिलं आणि कोल्हापूरला पाठवलं. इथं सीटी केला, त्यात काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी एमआरआय केला तेव्हा मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ आणि डाव्या बाजूला थोडं रक्त साचलंय म्हणाले. पोटात सुया दिल्या. आता घरी आणलंय. हात बराच सुधारला. वॉर्फरिन आणि फिटची गोळी दिली आहे, सहा महिने घ्या म्हणाले.

जावयांचे मामा औषधाच्या दुकानात कामाला आहेत. ते म्हणाले, डोक्यात रक्त साचलेलं असताना रक्त पातळ करायची गोळी कोण देतं? मलाही पटलं. परवापासून ती गोळी दिलेली नाही. बाळाला अंगावर पाजू का, तेही कळत नाही. सासरकडची माणसं म्हणतात, मुलीला आधीपासून फिट येत होत्या, तुम्ही लपवलं. आम्ही तिला पाणी बेतानंच देत होतो, शेक-शेगडी सगळं केलं होतं. आमचं काही चुकलं का? आणि पुढं दुसरं मूल होऊ द्यायचं की नाही?

— एक आई


उत्तर

ताई, पत्राखाली तुमचा नंबर होता म्हणून बरं झालं. फोनवर जे बोलले तेच आधी इथं लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांतही कुणाच्या घरात अशीच गोळी बंद पडलेली असेल. वॉर्फरिन आपल्या मनानं थांबवायची नाही. दोन दिवस चुकली असेल तर डिस्चार्ज कार्डावर ज्यांचं नाव आहे त्या डॉक्टरांना त्याच दिवशी गाठायचं, आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी, रक्ततपासणी करायची आणि ते सांगतील त्या मात्रेत गोळी पुन्हा चालू करायची. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एकदम दोन-तीन द्यायच्या नाहीत. रक्ताचा आकडा फार खाली आलेला असला तर काही दिवस पोटातली सुई परत घ्यावी लागते. तशी लागली तर आजार उलटला असं समजू नका. ही गोळी आपलं काम सुरू करायला बरेच दिवस घेते, तोवर सुई सांभाळून नेते, एवढंच.

मामांवर रागावू नका. त्यांची शंका रास्त आहे, फक्त ती दुसऱ्या आजाराची आहे. बीपी वाढून मेंदूतली धमनी फुटते आणि रक्तस्राव होतो, तो आजार त्यांच्या डोळ्यांपुढं असणार. त्यात रक्त पातळ करायची औषधं लगेच थांबवतात. तुमच्या लेकीला झालंय ते वेगळं. मेंदूला रक्त पोहोचवतात त्या धमन्या, आणि वापरलेलं रक्त परत नेतात त्या शिरा. या शिरा कवटीच्या आतल्या बाजूला असलेल्या मोठ्या वाहिन्यांत उतरतात. एक वाहिनी डोक्याच्या मधोमध पुढून मागं जाते, तिच्या मागून दोन फाटे दोन्ही कानांमागून मानेकडं उतरतात. गाठ या परतीच्या वाटेवर झाली आहे. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावायला सोपं आहे. पंचगंगेला फुगवटा आला की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, मग ते मागं शाहूपुरीतल्या घरांत शिरतं. घरातलं पाणी उपसत बसून काय होणार? नदी उतरायला हवी. तसंच इथं पुढची वाट बंद, मागून रक्त येतच राहतं, शिरांतला दाब वाढतो, मेंदूला सूज येते आणि बारीक शिरा झिरपू लागतात. एमआरआयमध्ये दिसलेलं रक्त हे त्या झिरपण्यातून आलेलं आहे. वाट मोकळी झाली नाही तर ते आणखी वाढेल. म्हणून रक्त साचलेलं असूनही औषध गोठण्याच्या विरोधातलंच द्यायचं.

हे ऐकायला उफराटं वाटतं, हे मला मान्य आहे. डॉक्टरांनाही एके काळी तसंच वाटायचं. १९९१ साली जर्मनीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. रुग्ण फक्त वीस. दहा जणांना हेपॅरिन, म्हणजे पोटातल्या सुईत असतं ते गोठणं रोखणारं औषध दिलं, दहा जणांना नुसतं दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. हेपॅरिनवाल्यांत आठ जण पूर्ण बरे झाले, दोघांत थोडं अधूपण राहिलं, दगावलं कुणी नाही. दुसऱ्या गटात एकच पूर्ण बरा झाला आणि तिघे गेले. फरक इतका उघड होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याच लेखात त्यांनी जुन्या रुग्णांच्या नोंदीही तपासल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव झालेला असताना हेपॅरिन मिळालेल्या २७ जणांपैकी ४ दगावले. रक्तस्रावाच्या भीतीनं ज्यांना ते दिलं नाही अशा १३ जणांपैकी ९. जुन्या नोंदींवरून काढलेला आकडा कच्चा असतो, पण दिशा कळायला तो पुरे. आपल्याकडं बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेनं खास बाळंतिणींवर केलेलं काम १९९९ साली प्रसिद्ध झालं, त्यातही हेपॅरिनचा फायदाच दिसला. मामांना हा परिच्छेद वाचून दाखवा. औषधाच्या दुकानातला माणूस आकडे समजून घेईल.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: ही सुई किंवा गोळी गाठ विरघळवत नाही. ती गाठ वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. गाठ हळूहळू जिरवण्याचं काम शरीर स्वतः करतं, त्याला महिने लागतात. म्हणून हात सुधारला, डोकं दुखायचं थांबलं, आता गोळी कशाला, हा हिशोब चुकतो. बाळंतपणामुळं झालेल्या गाठीला साधारण तीन ते सहा महिने औषध देतात. तुमच्या डॉक्टरांनी सहा सांगितले आहेत, ते पुरे करा.

आता त्या चार दिवसांबद्दल. तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबले. आडवी झाली की जास्त दुखायचं, म्हणून भिंतीला टेकून बसायची. निदान या ओळीत होतं. पाठीत भूल दिल्यानंतर जे डोकं दुखतं त्याची तऱ्हा उलटी असते. बसलं, उभं राहिलं की कपाळ फुटेल असं दुखतं आणि आडवं झालं की काही मिनिटांत उतरतं. डोक्यातला दाब वाढलेला असेल तर आडवं झाल्यावर, पहाटे उठताना, खोकताना, संडासला जोर करताना दुखणं वाढतं. उलटी होते, डोळ्यांपुढं अंधुक होतं, कधी एकाच्या दोन वस्तू दिसतात. ‘कधी जास्त दुखतं, बसल्यावर की झोपल्यावर?’ हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. तो त्या चार दिवसांत कुणी विचारला नाही, याचं मला वाईट वाटतं. बॅटरीसारख्या छोट्या यंत्रानं डोळ्याचा पडदा पाहिला असता तर नसेची सूजही कदाचित दिसली असती. तरी बसल्यावर-झोपल्यावरच्या या फरकावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. या आजारात डोकं कसंही दुखू शकतं, आणि पाठीतल्या भुलीचं दुखणं म्हणून सुरू झालेलं पुढं तऱ्हा बदलतं, तेव्हा तर जास्तच सावध व्हायचं. बाळंतिणीचं डोकं दोन दिवसांत उतरलं नाही, किंवा रोज चढतच गेलं, तर गोळ्या बदलत बसण्यापेक्षा तिला मोठ्या दवाखान्यात दाखवावं.

तालुक्याच्या दवाखान्यात मात्र चुकीचं काही झालं नाही. तुमच्या लिहिण्यात तसा सूर आहे म्हणून सांगते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी वाढून आकडी येऊ शकते, आणि ती जीवघेणी असते. समोर तेरा दिवसांची बाळंतीण आकडीत आहे आणि बीपी वाढलेलं आहे, अशा वेळी मॅग्नेशियमचं इंजेक्शन देऊन पुढं पाठवणं हेच शहाणपणाचं. तिथं तपासणीसाठी थांबवून ठेवलं असतं तर मी नावं ठेवली असती.

सीटीत काही दिसलं नाही याचंही नवल नाही. साधा सीटी या आजारात बऱ्याचदा कोरा येतो. गाठ ताजी असली तर एखादी वाहिनी जास्त पांढरी दिसते, पण ते दिसेलच असं नाही. ‘सीटी नॉर्मल आहे, घरी जा’ असं बाळंतिणीला सांगणं म्हणूनच धोक्याचं. गाठ दाखवणारी तपासणी म्हणजे शिरांचा नकाशा काढणारी, एमआर व्हेनोग्राम किंवा सीटी व्हेनोग्राम. एमआरच्या नकाशात वाहतं रक्त पांढऱ्या पट्ट्यासारखं उमटतं. मधोमध मागं जाणारा पट्टा आणि त्याचे दोन फाटे. जिथं गाठ आहे तिथं पट्टा तुटतो, किंवा रेघ दिसायला हवी तिथं काहीच नसतं. यातही एक खाच आहे. डावा फाटा पुष्कळ निरोगी माणसांत जन्मतःच बारीक असतो, त्यामुळं तो दिसला नाही म्हणजे गाठच, असं म्हणता येत नाही. म्हणून एमआरआयच्या बाकीच्या चित्रांत प्रत्यक्ष गाठ शोधतात. फिल्म जपून ठेवा, फ्रिजवर किंवा ट्यूबलाइटमागं खोचू नका. काही महिन्यांनी पुन्हा नकाशा काढतील तेव्हा तुलनेला लागेल. त्या वेळी वाहिनी पूर्ण उघडलेली नसली तरी घाबरायचं नाही. आजूबाजूच्या शिरा वाट काढतात, आणि माणूस अगदी ठणठणीत असतो.

गोळीच्या संगतीनं घरात काय काय सांभाळायचं, ते आता. आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. सुरुवातीला दर काही दिवसांनी, मग आकडा स्थिरावला की लांबणीवर. एक वही करा. तारीख, आकडा, गोळी किती मिलिग्रॅमची, एवढंच लिहा. गोळी रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो संध्याकाळी, म्हणजे सकाळी रक्त तपासून डॉक्टरांनी मात्रा बदलली तर त्याच दिवशी बदलता येते. मेथी, शेपू, पालक या भाज्यांतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करतं. त्या बंद करायच्या नाहीत. बाळंतिणीनं भाजी खायची नाही तर कुणी? पण आठवडाभर रोज शेपू आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं करू नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर नेहमीच्या मापात चालू दे. बाळंतकाढा मात्र गोळी संपेपर्यंत बाजूला ठेवा. त्यात कितीतरी वनस्पती एकत्र असतात आणि त्यांतली कुठली या गोळीशी भांडेल ते आधी कळत नाही.

दुखण्याची गोळी लागली तर पॅरासिटामॉल, तीही मापात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, आणि गावात सवयीनं कंबरेत मारतात ती सुईही नको, कारण स्नायूत रक्त साखळतं. जुलाबावर सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडाझोल या गोळीचा जोर एकदम वाढवते. म्हणून कुणाही डॉक्टरकडं गेलं की पहिलं वाक्य हेच: ‘हिला वॉर्फरिन चालू आहे.’ हिरड्यांतून रक्त, काळी डांबरासारखी शी, अंगावर न लागता उठलेले निळे डाग, अंगावरून जास्त जाणं, यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी तपासणी. डोकं पुन्हा जोरात दुखलं, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, आकडी आली, तर १०८ ला फोन. एक पाय सुजून दुखायला लागला किंवा अचानक धाप लागली तरीही तेच.

दूध पाजायचं. निःशंक पाजायचं. वॉर्फरिन दुधात नावापुरतीच उतरते, बाळाच्या रक्तावर तिचा परिणाम होत नाही. पोटातल्या सुईचं हेपॅरिनही दुधातून बाळाला बाधत नाही. फिटची गोळी तुम्ही नाव लिहिलं नाही, पण बहुतेक लेव्हेटिरासिटाम असावी, हल्ली तीच देतात. ती दुधात थोडी उतरते, तरी पाजायला हरकत नसते. बाळ फार सुस्त राहतं का, ओढायला कंटाळतं का, वजन वाढतंय ना, एवढं बघा आणि बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. मामा कदाचित असंही सुचवतील की हल्ली रक्ततपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत, त्या घ्या. दाबिगाट्रान, रिव्हरॉक्साबान वगैरे. या आजारात त्यांचा वापर वाढतो आहे हे खरं, पण अंगावर पाजणाऱ्या आईला त्या सहसा देत नाहीत. पाजणं चालू आहे तोवर जुनी वॉर्फरिनच बरी.

पाजताना तिला खाली गादीवर, भिंतीला टेकून बसवा, काठावर नको. बाळाला आंघोळ दुसऱ्यानं घालावी. चुलीपाशी, विहिरीवर, गाडीवर एकटीनं जायचं नाही, निदान डॉक्टर हो म्हणेपर्यंत. बाजेखालची शेगडी आजच काढा. आकडी आली आणि खाली निखारे असले तर काय होईल, याचा विचारही करवत नाही. रात्रीचं एखादं पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर तुम्ही सांभाळा, म्हणजे तिची सलग झोप होईल. झोप मोडली की फिट येण्याची शक्यता वाढते. आणि आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. १०८ ला फोन तर करायचाच, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर एक क्षणही न दवडता दवाखाना.

तुमचं काही चुकलं का, हा प्रश्न तुम्ही पत्रात मध्येच कुठंतरी विचारलाय, पण सगळ्यांत जड तोच आहे असं मला वाटलं. सांगते. बाळंतपणात रक्तस्राव होऊन बाईचा जीव जाऊ नये म्हणून गरोदरपणातच रक्त जास्त गोठू लागतं. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा जोर सगळ्यांत जास्त असतो. सिझर, जंतुसंसर्ग, रक्त कमी असणं, बी-१२ची कमतरता, यांनी त्यात भर पडते. यांतलं बरंचसं तुमच्या हातात नव्हतंच. वारं लागून शिरेत गाठ होत नाही, कान बांधले असते तरी ती झाली असती. पाण्याचं मात्र मी गोड करून सांगणार नाही. शरीरात पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, आणि आपल्याकडं बाळंतिणीला पाणी तोडायची जी रीत आहे ती या आजाराला मदत करते, असं डॉक्टर कैक वर्षं सांगत आले आहेत. त्यात शेगडीचा घाम आणि सव्वा महिना बाजेवर पडून राहणं. एकट्या पाण्यामुळं हे झालं असं कुणी म्हणू शकत नाही, आणि तुम्ही केलं ते तुमच्या आईनं तुमच्यासाठी केलं तेच. पण आता ते बदला. पाजायला बसली की शेजारी भरलेला तांब्या हवा. लघवी पिवळी धमक होत असेल तर पाणी कमी पडतंय. दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात तिला चालू द्या. तुमच्या सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. तुम्ही सांगितलंत तर वाद होईल.

सासरच्या मंडळींना काय सांगायचं? लपवण्यासारखं काही नव्हतंच. डोक्यातल्या सुजेमुळं, त्या आजाराच्या भरात आलेली आकडी आणि जन्माची मिरगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिरेत गाठ झालेल्या दहांतल्या चारेक जणांना आकडी येते. फिटची गोळी काही महिन्यांनी बहुतेकांची हळूहळू कमी करत बंद करतात, डॉक्टरच करतात, आपण नाही. पुढच्या तपासणीला जावयांना बरोबर न्या, आणि त्यांच्या आईला यायचं असेल तर त्यांनाही. डॉक्टरांनी समोर बसवून एमआरआय दाखवला की अर्ध्या गोष्टी तिथंच मिटतात. एक आकडा त्यांच्यासाठी: २००४ साली अनेक देशांतल्या ६२४ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरातले सुमारे ७९ पूर्ण, किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले होते. तुमच्या लेकीचा हात इतक्या दिवसांतच सुधारतो आहे, तिची गाडी त्याच बाजूला चालली आहे.

कुणी महागड्या रक्ततपासण्यांची लांबलचक यादी दिली तर जरा विचारून घ्या. रक्त गोठण्याचा जन्मजात दोष शोधायला प्रोटीन सी, प्रोटीन एस वगैरे तपासतात. प्रोटीन एस बाळंतपणानंतर काही आठवडे तसंही कमीच असतं, आणि वॉर्फरिन चालू असताना दोन्ही कमी येतात. आत्ता तपासून निघालेल्या दोषावर विश्वास कसा ठेवायचा? गोळी बंद झाल्यावर काही आठवड्यांनी केलं तर पैसे सत्कारणी लागतील. हिमोग्लोबिन, बी-१२, होमोसिस्टीन आत्ता करायला हरकत नाही, तूट असली तर भरून काढता येते. अँटिफॉस्फोलिपिड नावाची एक तपासणी महत्त्वाची, ती सदोष आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात, कारण तो दोष खरा असेल तर औषध पुष्कळ जास्त काळ लागतं. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जा, आणि जिथं दाखवाल तिथं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते आधीच विचारा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर असू दे.

दुसरं मूल होऊ शकतं. पण वॉर्फरिन चालू असताना दिवस राहता कामा नयेत, ती गोळी पोटातल्या बाळाला व्यंग आणू शकते. अंगावर पाजतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात तपासणी. तांबी हा सोपा उपाय, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून बसवून घ्या. माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्या तिनं कधीच घ्यायच्या नाहीत, त्यांतल्या इस्ट्रोजेननं गाठी होण्याचा धोका वाढतो. आशाताईंना हे सांगून ठेवा, त्या चांगल्या मनानंच पाकीट देतील. आणखी एक, जे कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते: गौरी-गणपती, नवरात्र, जोतिबाची यात्रा आली की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घरोघर घेतल्या जातात. तुमच्या लेकीला त्या वर्ज्य. पाळी आली तर आली. गौरी घरात बसवायला तिची जाऊ आहे, नणंद आहे.

पुढं दिवस राहिले की पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना हा आजार सांगायचा. मग गरोदरपणभर आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे रोज पोटात हेपॅरिनची सुई घ्यावी लागेल. घरच्या घरी घ्यायला शिकवतात, बायका पटकन शिकतात. पुन्हा अशी गाठ होण्याची शक्यता कमी असते, आणि सुई चालू असताना आणखी कमी. वॉर्फरिन संपून, एमआरआय बघून, रक्त भरून आल्यावर मूल घ्यायचं ठरवा, घाई कुणी करू नये.

फोनवर तुम्ही विचारलंत, सव्वा महिन्याला अंबाबाईला ओटी भरायला नेऊ का? न्या. आयएनआर त्या आठवड्यात झालेला असू दे, बाळ तुमच्या कडेवर, पाण्याची बाटली आणि ती वही पिशवीत. रांगेत तासभर उभं करू नका, सकाळी लवकर गर्दी कमी असते. आणि संध्याकाळची गोळी परत येईपर्यंत विसरणार असाल तर पाकीटही बरोबर घ्या.